ब्रह्मपुरीहून नागपूर: वर्ष भरत आल्यावरचा अनुभव

पुण्या-मुंबईचे लोक नागपूरला मोठं शहर मानायला तयार नसतात. २०११ च्या जनगणनेत २४ लाखांवर लोकसंख्या होती आणि त्यानंतर शहर चारी बाजूंनी पसरलंच आहे. तालुक्याच्या गावातून आलेल्या माणसाला ते मोठंच आहे. गेल्या दिवाळीनंतर आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीहून इथे आलो. घरात बाबा, मी आणि अकरावीतली मुलगी. तिचे वडील नोकरीमुळे तिकडेच आहेत. गावाकडचे बरेच जण फोन करून विचारतात, यावं का, परवडतं का, करमतं का. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहिते.

सगळ्यात मोठा फायदा आधी सांगते: इथे अनोळखी माणसाचं काम होतं. गावात दाखला हवा असो की सिलिंडर, आधी ओळखीचा माणूस शोधावा लागतो. इथे रांगेत उभं राहिलं की नंबर येतो. उशिरा येतो, पण येतो.

हे मला दवाखान्यात सगळ्यात जास्त जाणवलं. बाबांना तोंडाचा कॅन्सर निघाला. चाळीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला होता. आमच्या भागात पानटपरीवर प्लास्टिकच्या पन्नीत घासून दिला जाणारा खर्रा न खाणारा पुरुष शोधावा लागतो, त्यामुळे निदान ऐकून नातेवाइकांना धक्का बसला असला तरी नवल कुणालाच वाटलं नाही. डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं, आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे. हे गणित ऐकल्यावरच घर हलवायचं ठरलं. ब्रह्मपुरीहून नागभीड, भिवापूर, उमरेड करत एसटीने यायला तीन तास आणि परत जायला तीन. नागभीडवरून नागपूरच्या इतवारी स्टेशनला येणारी नॅरोगेज गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ मध्येच बंद झाली. तोंड सोललेल्या माणसाला रोज सहा तास बसमध्ये बसवणं शक्यच नव्हतं.

नागपूर ही अख्ख्या मध्य भारताची दवाखान्याची पेठ आहे. मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं, तुकडोजी चौकातलं कॅन्सर रुग्णालय, २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झालेलं मिहानमधलं एम्स, शिवाय धंतोली-रामदासपेठेत खासगी दवाखान्यांच्या रांगा. आमच्या बाकावर बालाघाटचे, छिंदवाड्याचे, गडचिरोलीचे, राजनांदगावचे पेशंट असायचे. तोंडाच्या आणि मानेच्या रेडिएशनला आधी मुखवटा करतात. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून बसवतात, ती थंड झाली की त्याच मापाची कडक होते. रोज तोच मुखवटा घालून डोकं टेबलाला पक्कं करतात, म्हणजे माणूस केसभरही हलत नाही. प्रत्येक मुखवट्यावर पट्टी चिकटवून पेशंटचं नाव लिहिलेलं असतं. पहिल्या दिवशी बाबा फार घाबरले. तिसऱ्या आठवड्यात ते नवीन आलेल्या एका माणसाला सांगत होते, ‘काही होत नाही भाऊ, डोळे मिटून घ्यायचे फक्त.’

खर्चाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर गेलो, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव बसलं. कुणाची चिठ्ठी लागली नाही, कुणाला फोन करावा लागला नाही. मी बारीक सारीक कागद दोन-दोन प्रतींत घेऊन गेले होते, तुम्हीही न्या. शेवटच्या आठवड्यांत बाबांना तांदळाच्या पेजेशिवाय काही गिळता येत नव्हतं. घर जवळ असल्यामुळे ती गरम-कोमट पेज वेळेवर पोटात गेली. मोठ्या शहरात राहण्याचं सुख मला एका गोष्टीत सांगायचं झालं तर ते हेच आहे.

दुसरा फायदा मुलीचा. ती संध्याकाळी अभ्यासिकेत जाते आणि नऊला एकटी परत येते. गावात रात्री नऊला एकटी मुलगी दिसली की ती घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचते. इथे अभ्यासिकेत तिच्यासारख्या शंभर मुली बसलेल्या असतात, कोणी नीटची, कोणी पोलिस भरतीची. त्यांना बघून ती स्वतःहून पहाटे उठायला लागली. या एका बदलासाठी मी बाकी बरंच सोसायला तयार आहे.

पण अनोळखीपणाची ही सोय घरमालकाच्या दारात थांबते. खोली बघायला गेलो की दुसरा प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितल्यावर ‘कालच कुणाला तरी शब्द दिला’ हे आम्ही इतक्या दारांत ऐकलं की शेवटी मी आडनाव आधीच सांगून मग भाडं विचारायला लागले. २४ लाखांच्या शहरात हे व्हावं याचा मला राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. ज्यांनी खोली दिली त्या काकू मात्र पहिल्या दिवशी पाण्याची कळशी घेऊन वर आल्या.

भाड्याचं सरळ सांगते. गावात ज्या पैशात अंगणासकट घर मिळतं त्यात इथे हनुमाननगरात दोन खोल्या, तिसरा माळा. रिंग रोडच्या पलीकडे नव्या ले-आउटमध्ये स्वस्त मिळत होतं, पण तिथे अनेक ठिकाणी बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर. आम्हाला पेंच-कन्हानचं नळाचं पाणी हवं होतं आणि दवाखाना जवळ हवा होता.

मेट्रोबद्दल सगळे विचारतात. ११ डिसेंबर २०२२ पासून ती चारी दिशांना जाते: ऑटोमोटिव्ह चौक, खापरी, प्रजापती नगर, लोकमान्य नगर, आणि चारही फाटे बर्डीला, म्हणजे शहराच्या मधल्या सीताबर्डीला, भेटतात. माझं काम हिंगण्याच्या एमआयडीसीत हिशेबाचं, त्यामुळे बर्डी ते लोकमान्य नगर हा प्रवास थंडगार, वेळेवर आणि बसायला जागा मिळून होतो. अडचण त्याच्या आधीची आहे. मेडिकल चौक, सक्करदरा, मानेवाडा या सगळ्या दाट वस्तीच्या भागातून मेट्रो जात नाही. बर्डीपर्यंत शेअर ऑटो किंवा ‘आपली बस’ नावाची शहर बस. ऑटोवाले मीटरचं नाव काढू देत नाहीत. येण्या-जाण्यात दिवसाचे अडीच तास जातात. ब्रह्मपुरीत मी पायी दहा मिनिटांत ऑफिसात पोचायची. नोकरी लोकमान्य नगर किंवा वर्धा रोडकडे असेल आणि दवाखान्याचं काम नसेल, तर डोळे झाकून मेट्रोच्या रुळाजवळ घर घ्या.

आता ऊन. आम्हा ब्रह्मपुरीकरांना उन्हाचं कुणी सांगू नये, मे महिन्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत आमचं नाव असतं. दिवसाचे ४५ अंश इथेही तेच, तिथेही तेच. फरक रात्रीचा आहे. गावात अंगणात पाणी मारून खाट टाकली की पहाटे चादर ओढावी लागते. इथे सिमेंटचे रस्ते, सिमेंटच्या भिंती, वर तापलेला स्लॅब. दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता ते रात्री सोडत राहतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, रात्री दोनलाही भिंतीला हात लावला की गरम लागायची. कूलरशिवाय झोप नाही आणि कूलर पाणी पितो, त्यामुळे तिसऱ्या माळ्यावर बादल्या वाहणं हे वेगळंच काम होऊन बसतं. वरचा माळा स्वस्त असतो तो याच कारणाने.

पावसाळ्यातला त्रासही सिमेंटचाच. जुन्या वस्त्यांत रस्ते इतके उंच झालेत की घरं खाली गेलीत आणि जोराची सर आली की तळमजल्यात पाणी शिरतं. २०२३ च्या २३ सप्टेंबरला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी भरलं, मोरभवनच्या बसेस बुडाल्या. मालक त्याबद्दल आपणहून बोलत नाही. समोरच्या किराणावाल्याला विचारा, तेव्हा पाणी कुठपर्यंत चढलं होतं. तो हात लावून दाखवेल.

खाण्यापिण्याचं, बर्डीच्या खरेदीचं मी लांबवत नाही. तर्री पोहे छानच आहेत. करमत नाही ते हिवाळ्यात. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरतात, रात्री दहाला नाटकाचा पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. इथे नाट्यगृहात अडीच तासांत नाटक आटोपतं आणि लोक पार्किंगकडे धावतात. बाबांना त्याचं फार वाईट वाटतं.

पण दसऱ्याला मला शहराचं ऋण वाटलं. दरवर्षी आम्ही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गाडीत कोंबून यायचो, दीक्षाभूमीवर नमन करायचो आणि पुस्तकांचे स्टॉल बघून त्याच रात्री परतायचो. यंदा आमच्या गल्लीने पाण्याचा आणि खिचडीचा स्टॉल लावला होता. मी आणि मुलगी रात्रभर पाणी वाटत होतो. लातूरहून, परभणीहून आलेल्या बायांना संडास-बाथरूमसाठी घर उघडून देता आलं.

बाबांची तपासणी आता महिन्यातून एकदा आहे. ते गावी परत जायचं म्हणतात आणि मी त्यांना अडवणार नाही. मुलीची बारावी होईपर्यंत मी इथेच आहे. अकरा महिन्यांचा करार संपतो आहे, दुसऱ्या माळ्यावरची खोली बघितली आहे, भाडं थोडं जास्त आहे तरी घेणार. कोणाला याच भागात घर बघायचं असेल तर भर पावसाच्या दिवशी या आणि सोबत नळाची वेळ, वर चढणारं पाणी, कूलरला खिडकी आहे की नाही, एवढं विचारून घ्या.