वायरवाले आयईएम आणि डोंगल: होस्टेलमध्ये दोन सेमिस्टर वापरून झाल्यावर

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला संच दुसरं सेमिस्टर संपत आलं तरी धडधाकट आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही. संच म्हणजे दोन हजारांच्या आतले वायरवाले आयईएम, म्हणजे कानाच्या आत बसणारे इअरफोन (आवाज काढणारा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, काढता येणारी टू-पिन केबल) आणि फोनच्या टाइप-सी पोर्टात लागणारा छोटा डॅक डोंगल, जो फोनमधला डिजिटल आवाज इअरफोनला चालेल असा करून देतो. ब्रँड मुद्दाम सांगत नाही. या किमतीत तीन-चार कंपन्यांचा माल उन्नीस-बीस असतो, आणि नाव घेतलं की चर्चा नावाचीच होते.

पुण्यातलं इंजिनिअरिंग कॉलेज, खोलीत तिघं, सगळ्यांच्या कानात ब्लूटूथ बड्स. मी वायर सोडवत मेसमध्ये बसलो की "काय आजोबा, बातम्या लागल्या का?" हे ठरलेलं. वाद घालण्यापेक्षा मी सरळ आयईएम समोरच्याच्या हातात देतो. पहिल्या मिनिटाला बहुतेक जण म्हणतात, "बेस कुठे गेला रे?" बड्समध्ये बेस फुगवलेला असतो, त्याची सवय झालेली असते. मग मी तबल्याचं एखादं सोलो लावतो. डग्ग्यावर मनगट सरकलं की सूर वर चढतो, तो नेमका कुठे जाऊन थांबला हे इथे स्वच्छ कळतं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणही गायकाच्या आवाजाखाली दबत नाही. उलट जुन्या नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रणातली खरखर इतकी उघडी पडते की ती गाणी मी पुन्हा खोलीतल्या स्पीकरवरच ऐकायला लागलो.

बेस गायब व्हायचं दुसरं कारण म्हणजे टिप्स, म्हणजे कानात जाणारी रबरी टोकं, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तेच असतं. टिप कानात नीट बसली नाही तर खालचे सूर बाहेर गळतात. मग दोन हजारांचे घ्या नाहीतर वीस हजारांचे. माझ्या डाव्या कानाला मधली टिप लागते, उजव्याला मोठी. रूममेटला डब्यातली एकही बसेना, शेवटी तपकीर गल्लीतून सुट्या सिलिकॉनच्या टिप्स आणल्या. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर ओढायची, मग आत सरकवायचं. चालताना स्वतःचीच पावलं डोक्यात धपधप वाजायला लागली की समजायचं, बसलं.

पावसाळ्यात एकदा डावी बाजू एकदम मंद झाली. केबल अदलाबदल करून पाहिली, तरी डावीच मंद. म्हणजे केबल निर्दोष. नळीच्या तोंडावरची बारीक जाळी ओलाव्याने बुजली होती. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी घट्ट झाकणाच्या डबीत टाकून आयईएम रात्रभर आत ठेवले, सकाळी आवाज जागेवर. तेव्हापासून ते त्या डबीतच झोपतात. जाळीत टाचणी मात्र घालू नका, ती आत गेली की संपलं.

आता ब्लूटूथविरुद्ध वायर. ईएनटीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम शाखेचा) एक मित्र सेकंदाला किती डेटा जातो याचे आकडे तोंडावर फेकतो: ब्लूटूथवर आवाज पाठवायच्या पद्धतींपैकी एसबीसी साधारण 328 केबीपीएस, एलडॅक जास्तीत जास्त 990, आणि सीडी 1411. आकडे खरे आहेत. पण आवाजाची पातळी सारखी करून, डोळे झाकून 320 केबीपीएसची एमपी3 आणि लॉसलेस (काहीही न गाळलेली) फाइल ऐकवली तेव्हा मजल्यावरच्या कोणालाच खात्रीने ओळखता आलं नाही, मलाही नाही. त्यामुळे लॉसलेससाठी वेगळे पैसे मोजू नका. गंमत म्हणजे आमच्याकडे वायरचा प्रसार गाण्यांमुळे झालाच नाही, गेममुळे झाला. ब्लूटूथवर गोळी आधी लागते आणि आवाज मागून येतो, हे पटल्यावर तिघांनी डोंगल मागवले.

1979 च्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकायला. आम्ही तेच काम स्प्लिटर लावून करतो. फक्त दोघांच्या आयईएमची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच सिग्नलवर किती मोठं वाजतात ते, वेगळी असली की एकाला कुजबुज ऐकू येते आणि दुसऱ्याचे कान फाटतात.

डोंगलबद्दल थोडक्यात: बॅटरी खातो, तास-दीड तासात कोमट होतो, ऐकताना फोन चार्ज होत नाही, आणि खिशात वाकून पोर्टावर ताण येतो. माझ्या केबलला माइक नाही, त्यामुळे घरचा फोन आला की सगळं काढावं लागतं. शर्टाला केबल घासली की खसखस कानात येते; ती कानामागून घेतली तर बरीच कमी होते.

बाहेरचा गोंगाट अडतो, म्हणून आवाज कमी ठेवून भागतं, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला 40 तास आणि 80 डेसिबल आहे. पीएमपी बसच्या गर्दीत आवाज वाढवणारे बड्सवाले ती सहज ओलांडू शकतात. रस्ता ओलांडताना मात्र एक कान मोकळा ठेवाच.

घ्यायचे असतील तर मे महिन्याची वाट बघा. फायनल इयरवाले गाशा गुंडाळताना निम्म्या किमतीत देऊन टाकतात. तिथल्या तिथे दोन्ही पिना हलवून बघा, मोनो आवाज लावून डावं-उजवं सारखं येतंय का ते ऐका, आणि टिप्स नव्या घ्या. दुसऱ्याच्या कानातल्या फुकट मिळाल्या तरी नकोत.