अँड्रॉइडवर तबला वाजवायचाय? मग ओबो घ्याच

ज्यांना अँड्रॉइडवर तबला, ढोलकी, ड्रम पॅड, कराओके असलं काही करायचंय त्यांनी गुगलची ओबो लायब्ररी (ॲपमधून आवाज काढण्याचा तयार कोड) डोळे झाकून घ्यावी, हे आधीच सांगून टाकतो. मी तबल्याच्या रियाजाचं ॲप करतोय, त्यात स्क्रीनवर बोट पडलं की लगेच ‘ना’ वाजला पाहिजे, जरा जरी उशीर झाला तरी हात अडखळतो, सम चुकते आणि शिकणारा पोरगा ॲप काढून टाकतो. त्याचं काही चुकत नाही.

ओबोचं १.० व्हर्जन ऑक्टोबर २०१८ मध्ये आलं. त्याआधी ओपनएसएल ईएस हे आवाजाचं जुनं साधन वापरावं लागायचं, साधा एक सूर काढायला ढीगभर कोड लिहा, आणि अँड्रॉइड ८.० पासून एऑडिओ हे अँड्रॉइडचं नवं साधन आलं ते छान सुटसुटीत, पण जुन्या फोनवर ते नाहीच. ओबो काय करतं तर समोरचा फोन बघून दोघांपैकी योग्य ते स्वतःच निवडतं, आपण सी प्लस प्लसमध्ये कोड एकदाच लिहायचा. शिवाय ठराविक फोनमधले ऑडिओचे बग माहीत असतील तर त्यावरचे उपाय लायब्ररीतच घातलेत, आणि माझ्या मते खरी किंमत याचीच आहे, कारण एकेका फोनची तऱ्हा शोधत बसायला एकट्या डेव्हलपरकडे ना तेवढे फोन असतात ना वेळ. ओपन सोर्स आहे, अपाची २.० लायसन्स, एक पैसा लागत नाही.

चालतं कसं ते थोडक्यात सांगतो. स्ट्रीम (आवाज पाठवायची वाट) उघडताना लो लेटन्सी (कमीत कमी उशीर) आणि एक्सक्लुझिव्ह मोड (ती वाट फक्त आपल्याच ॲपला) मागायचा, एक्सक्लुझिव्ह मिळेलच असं नाही, नाही मिळाला तर शेअर्डवर, म्हणजे इतर ॲपबरोबर वाटून चालतं. मग ऑडिओ सिस्टिम सारखी ऑनऑडिओरेडी या कॉलबॅकला (आपण लिहिलेल्या फंक्शनला) हाक मारते, की एवढ्या फ्रेम (आवाजाचे बारीक तुकडे) भरून द्या. समजा फोनचा बर्स्ट (एका वेळचा गठ्ठा) १९२ फ्रेमचा आणि सॅम्पल रेट सेकंदाला ४८,००० आहे, तर एका बर्स्टला तुमच्या हातात फक्त ४ मिलिसेकंद! त्यात फाइल वाचणं, मेमरी मागणं, लॉक लावणं, लॉग छापणं यातलं काहीही केलंत की आवाजात टकटक सुरू. म्हणून बोलांचे सगळे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) आधीच मेमरीत भरून ठेवायचे आणि कॉलबॅकमध्ये नुसती त्यांची बेरीज करायची. बफर (वाजण्याआधी भरून ठेवलेला साठा) दोन बर्स्टचा ठेवून सुरुवात करा, लेटन्सी ट्यूनर नावाचा क्लास दिलाय तो अडखळलं की बफर आपोआप वाढवतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. एमपीथ्री उलगडून देणं हे ओबोचं काम नाही, ते तुम्हीच करायचं. हेडफोन काढला की स्ट्रीम तुटते, एररच्या कॉलबॅकमध्ये नवी स्ट्रीम उघडली नाहीत तर ॲप मुकं होतं, आणि हे नवशिक्याच्या लक्षातच येत नाही. ग्रेडलमधून (अँड्रॉइडचं बिल्ड साधन) ओबोचं प्रीफॅब, म्हणजे तयार पॅकेज घेताना एसटीएल (सी प्लस प्लसची मूळ लायब्ररी) शेअर्डवालं लावावं लागतं, नाहीतर बिल्ड अडतो आणि एरर वाचून कारण कळत नाही. ज्याने कोटलिन सोडून काही लिहिलेलं नाही त्याला एनडीके, सीमेक ही सी प्लस प्लसची साधनं, हे सगळं सुरुवातीला जड जाणारच. आयफोनसाठी वेगळा कोड लागतो तो लागतोच. आणि ब्लूटूथ इअरफोनवरचा उशीर कुठलीच लायब्ररी घालवू शकत नाही, वापरणाऱ्यांना सरळ सांगा, वायरवाला हेडफोन लावा.

डॉक्युमेंटेशन मात्र मनापासून लिहिलंय. सोबतचे सॅम्पल ॲप तर फारच कामाचे, त्यातलं ऱ्हिदम गेमवालं आधी वाचा, टॅप आणि आवाज यांची सांगड कशी घालायची ते त्यात नीट कळतं. ओबोटेस्टर नावाचं ॲपपण रेपोमध्येच आहे, त्यात फोनचा राउंड ट्रिप उशीर (आवाज आत जाऊन परत बाहेर येईपर्यंतचा) मोजता येतो. एका नामांकित कंपनीच्या फोनवर आमचा तबला मागेच पडायचा, कोड उलटसुलट करून थकलो, शेवटी ओबोटेस्टर लावलं तर उशीर फोनच्याच हार्डवेअरचा निघाला.

नुसती गाणी, पॉडकास्ट, कीर्तनं वाजवायची असतील तर एवढ्या खटाटोपात पडू नका, एक्सोप्लेअर ही गुगलची प्लेअर लायब्ररी पुरे. पण बोटाखाली वाद्य द्यायचं असेल तर आजच सॅम्पल ॲप उतरवून घ्या आणि आपल्या सगळ्यात स्वस्त फोनवर आधी चालवून बघा.