लिव्हरचा कडकपणा मोजायचाय: फायब्रोस्कॅन की एमआर इलास्टोग्राफी?

सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' निघालं, डॉक्टरांनी कडकपणा तपासायला सांगितलं, की घरात चर्चा सुरू होते: फायब्रोस्कॅन पुरे, की एकदाचं एमआरआयवरच करून टाकावं? शोधायचं दोन्हींत एकच. लिव्हरमध्ये वणासारखे तंतू साचले की ते कडक होतं, आणि कडक लिव्हरमधून कंपनाची लाट जास्त वेगाने धावते.

फायब्रोस्कॅनला उजवा हात डोक्यामागे घेऊन उताणं झोपायचं. बरगड्यांच्या फटीत जेल लावून प्रोब टेकवतात आणि टिचकीसारखा ठोका बसतो. असे किमान 10 चांगले ठोके हवेत. पाच-दहा मिनिटांत काम होतं, चरबीचा आकडाही त्यातच मिळतो. पोटात पाणी झालं असेल तर मात्र मोजमाप जमत नाही. अंगाने जाड असाल तर एक्सएल प्रोब (जाड अंगासाठीचा मोठा प्रोब) आहे का, हे आधी फोनवरच विचारा.

एक कळकळीची विनंती: किमान तीन तास आधी काही खाऊ नका. आमचे मामा पोहे-चहा घेऊन गेले, कोणी विचारलंही नाही. आकडा आला 9.8 किलोपास्कल (कडकपणा मोजायचं एकक). आठवड्याने उपाशीपोटी केलं तेव्हा 6.9. तो आठवडा मामींनी कसा काढला, ते मी पाहिलंय. कावीळ, वाढलेलं एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतलं एक एन्झाइम) किंवा हार्ट फेल्युअर असेल तरीही आकडा फुगतो.

एमआर इलास्टोग्राफीत बरगड्यांवर डफासारखी चकती बांधतात. ती सेकंदाला 60 वेळा थरथरते आणि आपण श्वास सोडून रोखायचा. फायब्रोस्कॅन करंगळीएवढा भाग पाहतं, इथे लिव्हरच्या मोठ्या भागाचा रंगीत नकाशा मिळतो. लठ्ठ माणसांत हीच तपासणी जास्त भरवशाची. पण खर्च कितीतरी जास्त, सोय मोजक्याच ठिकाणी, आणि थॅलेसेमियासारख्या आजारात लिव्हरमध्ये लोह साचलं असेल तर नेहमीच्या पद्धतीने सिग्नलच मिळत नाही.

आणि दोन्हींचे आकडे एकमेकांशी लावू नका. एकक किलोपास्कलच, पण मोजायची रीत वेगळी. फायब्रोस्कॅनवर 5 म्हणजे निश्चिंत. एमआरवर 5 म्हणजे सिरोसिसची (लिव्हर वणांनी पार कडक होण्याची) शंका. सोनोग्राफी मशीनवरच होणाऱ्या 'शिअर वेव्ह' या कडकपणाच्या तपासणीचंही तेच, तिथे तर कंपनीगणिक मर्यादा बदलतात.

माझं मत विचाराल तर आधी फिब-4 काढा, म्हणजे साध्या रक्ततपासणीवरून कडकपणाचा अंदाज देणारा आकडा. वय, प्लेटलेट, एसजीओटी (हेही लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाइम), एसजीपीटी एवढ्यावर ते निघतं, नवा खर्च नाही. पासष्टीच्या आत 1.3 पेक्षा कमी आलं तर बहुधा स्कॅनची घाई नसते. जास्त आलं तर फायब्रोस्कॅन. ते 8 च्या खाली असेल तर एमआरवर पैसे घालू नका. 8 ते 12 च्या मधे अडकलात, किंवा फायब्रोस्कॅन नीट झालंच नाही, तर एमआर जरूर करा, त्या वेळी तो खर्च सार्थकी लागतो. पुढच्या वेळी शक्यतो त्याच मशीनवर जा, जुना रिपोर्ट घेऊन, आणि सकाळचा चहा परत आल्यावर.