जर्मन टीम घ्यावी की जपानी? पुण्यातून लीड होणाऱ्यांसाठी

हिंजवडी नाहीतर खराडीतल्या आयटी कंपनीत सात-आठ वर्षं काढली की एक दिवस मॅनेजर विचारतो, लीड करणार का, म्हणजे टीम सांभाळणार का, आणि समोर दोन अकाउंट, म्हणजे परदेशी क्लायंटची कामं, ठेवतो, एक म्युनिकचं, एक टोकियोचं. मी दोन्ही केलीत, जर्मन चार वर्षं आणि जपानी तीन. लोक ऑनसाइट, म्हणजे तिकडे जायची संधी, आणि पगार बघून ठरवतात, पण रोजचा दिवस कसा जाणार हे समोरच्याचं "नाही" तुम्हाला ऐकू येतं का यावर ठरतं.

जर्मन लोकांचं येतंच. पहिल्याच रिव्ह्यूत बारा जणांच्या कॉलवर तिकडच्या आर्किटेक्टने आमच्या एका पोराचं मॉड्यूल बघून सांगितलं, हे चुकीचं आहे, परत लिहा. पोरगा कॅमेरा बंद करून बसला, मला म्हणाला ताई मी अकाउंट बदलून मागतो. संध्याकाळी त्याच आर्किटेक्टने स्वतःहून कॉल लावला आणि तासभर त्याच्याबरोबर बसून एरर हँडलिंग नीट करून दिलं, आवाजात मघाचं काहीच नाही. ते कामाला बोलतात, माणसाला नाही, हे पोरांच्या मनात उतरवायला मला तीन-चार महिने लागले. दुसरी गोष्ट म्हणजे आपलं "हो हो, होऊन जाईल" हे ते तारीख म्हणून लिहून घेतात. होणार नसेल तर त्याच दिवशी सांगा, कुणी रागवत नाही.

जपान्यांकडे मात्र कान तयार करावा लागतो. आम्ही एक डिझाइन दाखवलं, तिकडून उत्तर आलं "केन्तो शिमासु", म्हणजे विचार करतो, आम्ही ते होकारच समजलो आणि दोन स्प्रिंट, म्हणजे कामाचे दोन ठरलेले टप्पे, कोड लिहीत बसलो. तो नकार होता. "मुझुकाशी", म्हणजे अवघड आहे, असं आलं तरी तिथेच थांबायचं. मीटिंगमध्ये निर्णय होतच नाही, तो आधीच एकेकाशी बोलून झालेला असतो, त्याला नेमावाशी म्हणतात, मूळ अर्थ झाड दुसरीकडे लावायच्या आधी मुळांभोवती खणून ठेवणं. म्हणून नवीन प्रस्ताव असेल तर कॉलच्या चार दिवस आधी तिकडच्या प्रत्येकाला वेगळा पाठवा. आणि होरेनसो, म्हणजे कळवणं, माहिती देणं, सल्ला घेणं, हे रोज हवं, बग सापडला की दुरुस्त करायच्या आधी सांगायचा. सुरुवातीला जाच वाटतो, पण एकदा विश्वास बसला की तीच माणसं वर्षानुवर्षं तुमच्याबरोबर राहतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

वेळेत जपान सरळ जिंकतं. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आणि तिकडे घड्याळ बदलत नाही, सकाळी आठचा कॉल घरून घ्यायचा, दुपारी दोनच्या पुढे तिकडे ऑफिस सुटतं, संध्याकाळ तुमची. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये तिकडे दुपारचे चार म्हणजे इथे साडेआठ. लहान मूल घरी असेल तर हे आधी मोजा. (कॅलिफोर्नियाची ऑफर असेल तर तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा, यापुढे मी काही सांगत नाही.)

सुट्ट्यांचं जर्मनीत सोपं, कायद्यानेच वर्षाला किमान 20 दिवस, आणि माणूस सुट्टीवर गेला की गेला. ऑगस्टमध्ये रिलीज ठेवू नका. जपानला एप्रिलअखेरचा गोल्डन वीक आणि ऑगस्टच्या मध्यातलं ओबोन धरा, आणि गणपतीच्या सुट्ट्या दोघांनाही जूनमध्येच कळवा, दोघंही मान ठेवतात.

टीम नवखी असेल आणि पोरं स्वतःहून बोलणारी असतील तर मी जर्मन घेईन. जपानी घ्यायची तर एका अटीवर, एन-टू ही जपानी भाषेची परीक्षा झालेला ब्रिज इंजिनीअर, म्हणजे दोन्हीकडचं बोलणं जोडून देणारा माणूस, टीममध्ये पाहिजे, पुण्यात जपानी शिकलेली माणसं मिळतात, त्यामुळे बजेट नाही हे कारण ऐकून घेऊ नका. हो म्हणायच्या आधी मॅनेजरकडून ती जागा लेखी मागून घ्या.