पाबळच्या विज्ञान आश्रमातला वर्षभराचा कोर्स: भाच्याला पाठवलं, त्याबद्दल

दहावीचा निकाल लागला की आमच्या दुकानात बाप मंडळी यायला लागतात. "पोरगं पुढं शिकत नाही म्हणतंय, हाताखाली घ्या." माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. गेट, ग्रिल, शेड, ट्रॉलीची दुरुस्ती. असं आलेलं पोरगं पहिलं वर्ष अँगल धरण्यात आणि ग्राइंडर मारण्यात घालवतं. हात बसतो, पण काम कसं घ्यायचं, भाव कसा काढायचा, हे त्याला कुणी सांगत नाही, कारण आम्हाला तेवढी उसंत नसते. म्हणून आता मी आलेल्या प्रत्येकाला सांगतो की आधी पाबळला जाऊन तिथला कोर्स बघा. माझ्या बहिणीचा मुलगा तिथं शिकला आणि आता माझ्याकडे कामाला आहे. त्यामुळे घरचा माणूस म्हणून आणि कामाला ठेवणारा म्हणून, दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

पाबळ म्हणजे शिरूर तालुक्यातलं, मस्तानीच्या समाधीचं गाव. पाण्याची कायम ओढ असलेला भाग. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएच.डी. करून आलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर होते. ती नोकरी सोडून त्यांनी 1983 मध्ये इथं विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मन न रमणारी मुलं हातानं काम करताना विज्ञान शिकतात, हे त्यांना दाखवायचं होतं. 2003 मध्ये ते गेले, पण कोर्स त्याच रीतीनं चालू राहिला. डिप्लोमा इन बेसिक रूरल टेक्नॉलॉजी असं त्याचं लांबलचक नाव आहे, सगळे डीबीआरटीच म्हणतात. एक वर्ष, तिथंच राहायचं. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि मुलगा असो की मुलगी, चारही करायचे.

हे "चारही" ऐकून मी सुरुवातीला ताईला म्हणालो होतो की वेल्डिंग शिकणाऱ्या पोरानं रक्तातलं हिमोग्लोबिन कशाला तपासायचं? त्याचं उत्तर मला एका गोठ्यानं दिलं.

शेजारच्या गावातला एक शेतकरी शेडचा भाव विचारायला आला. आमची जुनी पद्धत म्हणजे लांबी-रुंदी घ्यायची, चौरस फुटाचा दर लावायचा, बोली करायची. भाच्यानं मात्र त्यांना खाली बसवलं. जनावरं किती, दावणीला तोंड समोरासमोर की पाठीला पाठ, मूत जायची नाली कुठल्या अंगाला, दुपारचं ऊन कुठून येतं, सगळं विचारून घेतलं. जागेवर गेला, पाण्याची नळी लावून लेव्हल काढली आणि सांगितलं की नालीकडे दहा फुटांना दोन-तीन इंच उतार ठेवा, नाहीतर गाई ओल्यात बसतील. बल्ब कुठं, पंख्याचा पॉइंट कुठं, वायर कुठल्या पाइपातून न्यायची, तेही त्याच कागदावर. गावातल्या गिऱ्हाइकाचं काम असंच येतं, लोखंड, बांधकाम, वायरिंग आणि जनावर एका गाठोड्यात बांधून. चार वेगळे कारागीर बोलावणं त्याला परवडत नाही.

मग त्यानं कॉस्टिंग मांडलं. कोर्समधली सगळ्यात मोलाची गोष्ट मला विचाराल तर हीच. 40 बाय 40 बाय 5 चा अँगल मीटरला 3 किलो, म्हणजे सहा मीटरची एक लांबी 18 किलो, इथून सुरुवात. पत्रे, जे-बोल्ट, रॉडची पाकिटं, कटिंग व्हील किती झिजेल, विजेचे युनिट, रेडऑक्साइड, टेम्पोभाडं, दोघांची मजुरी, आणि शेवटी मशीनचा घसारा, म्हणजे वापरून मशीनची जी किंमत घटते ती. घसारा! इतकी वर्षं मी धंदा करतोय, पण गेटच्या भावात वेल्डिंग मशीनचा घसारा धरणारा माणूस माझ्या दुकानात पहिल्यांदाच बघितला. आश्रमात जी वस्तू बनवली तिची किंमत काढून वहीत लिहायचीच, ही सवय तिथं लावतात. वस्तूही नुसत्या सरावाच्या नसतात, वापरात येणाऱ्या असतात, त्यामुळे माप चुकलं की तिथंच कळतं.

ताईच्या बचत गटाच्या चिक्कीचा भावही त्यानंच बसवून दिला. शेंगदाणे आणि गूळ त्या बायका धरत होत्या. गॅस, पाकीट आणि स्वतःची मजुरी मात्र कुणीच धरत नव्हतं. गृह-आरोग्य विभाग कशासाठी, हे त्या दिवशी घरात सगळ्यांना समजलं.

तिथं गेलात तर फॅब लॅब अवश्य बघा. अमेरिकेतल्या एमआयटीची ही कल्पना, आणि एमआयटीच्या बाहेरची पहिली लॅब 2002 मध्ये पाबळला झाली. संगणकावर काढलेला आकार यंत्रानं तिथंच बनवून घ्यायची कार्यशाळा, लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर वगैरे. आवारातली घुमटाकार घरंही बघण्यासारखी आहेत, त्रिकोण जोडून उभी केलेली, आतमध्ये एकही खांब नाही. माझ्यासारख्याचा पाय तिथून लवकर निघत नाही. आश्रमानं पूर्वी जमिनीखालचं पाणी शोधायला रेझिस्टिव्हिटी मीटर वापरायला सुरुवात केली. जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजायचा आणि त्यावरून खाली काय असेल याचा अंदाज बांधायचा. नारळ घेऊन बोअरची जागा दाखवणाऱ्यांच्या मुलखात याचं मला फार कौतुक वाटतं.

आता कुणी जाऊ नये तेही सांगतो. चार विभाग एका वर्षात म्हटल्यावर एकाच कामात खोल उतरणं होत नाही, कोर्सची आखणीच तशी आहे. आर्गॉन वेल्डिंग भाच्याला माझ्याकडे आल्यावर शिकावं लागलं. रांजणगाव किंवा चाकणच्या कंपनीत लागायचं हे पक्कं असेल तर सरळ आयटीआय धरा, वेल्डर एक वर्ष, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन दोन वर्षं. ॲप्रेंटिसशिपला ते सर्टिफिकेट कामाला येतं. ज्याला गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचं काही उभं करायचं आहे, किंवा काय करायचं हेच अजून उमगलेलं नाही, त्याच्यासाठी पाबळ. भाचा दहावीला गणितात अडकला होता. आज तोच गोठ्याच्या छपराखालच्या कैच्यांची मापं पायथागोरसनं काढतो आणि कर्ण चुकला की काटकोन तपासायचा गुण्या लावायच्या आधी सांगतो.

फी आणि प्रवेशाचं थेट तिथंच विचारा. पोराला बरोबर घेऊन जा, आणि ऑफिसात बसण्याआधी वर्कशॉपमध्ये चक्कर मारा. काम करणाऱ्या एखाद्या मुलाला त्याच्या हातातली वस्तू केवढ्याला पडली ते विचारा, आणि तो सांगेल ते आपल्या पोराला नीट ऐकू द्या.