स्प्लिंट की आरसा?

सीआरपीएसमध्ये, म्हणजे दुखापतीनंतर लांबत जाणाऱ्या तीव्र वेदनेच्या विकारात, मोडलेलं मनगटाचं हाड जुळल्यावरही हाताची आग होते, सूज राहते, मूठ वळत नाही. स्प्लिंट (हात स्थिर ठेवणारा आधार) बांधला की दादरच्या गर्दीत धक्के वाचतात, लोक बघून जागाही देतात. तेवढ्यापुरता तो हवाच. पण घरीही काढला नाही, तर सांधे आखडतात.

मला मिरर थेरपी जास्त मोलाची वाटते. दुखरा हात आरशामागे ठेवून चांगला हात आरशात बघत हलवायचा. दुखराच हलतोय असं दिसतं. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात कापून टाकलेल्या अवयवात जाणवणाऱ्या वेदनांसाठी ही पद्धत आणली. खर्च आरशापुरता. सुरुवात मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्टसमोरच (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणारे) करा. कधी नुसतं बघूनही कळ वाढते, तेव्हा लगेच थांबायचं.