आंब्याची वेबसाइट, २१ महिने: सांभाळायचा खर्च किती आणि तो कुठून काढायचा

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये आम्ही बागेची स्वतःची वेबसाइट सुरू केली. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, साध्या शेअर्ड होस्टिंगवर (कंपनीच्या सर्व्हरवर इतरांबरोबर घेतलेली भाड्याची जागा), डॉट कॉम डोमेन म्हणजे साइटचा पत्ता घेऊन. आंब्याचे दोन हंगाम आणि मधली एक दिवाळी त्यावर काढली. घरातलं लिखापढीचं काम माझ्याकडे, म्हणून वेबसाइटही माझ्याकडे आली आणि तिचा पैन् पैचा हिशेब माझ्या वहीत आहे. साइट कशी बनवावी यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. ती बनल्यावर दरवर्षी किती लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

बनवायचे १८,००० रुपये लागले. ओळखीतल्या एका मुलाने बनवली आणि काम चोख केलं. त्याच दिवशी होस्टिंग आणि डोमेनचं बिल भरलं. होस्टिंग महिना १९९ रुपये, वर्षाचे २,३८८, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २,८१८. डोमेन २९९, जीएसटीसह ३५३. एकूण ३,१७१ रुपये. मी वहीत लिहून ठेवलं, 'वेबसाइट, दरवर्षी ३,२००'. पहिली चूक तीच.

दुसऱ्या वर्षी होस्टिंगचा दर महिना ४९९ झाला. वर्षाचे ५,९८८, जीएसटीसह ७,०६६. डोमेन १,३९९, जीएसटीसह १,६५१. दोन्ही मिळून ८,७१७ रुपये, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पावणेतीन पट. फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही, रिन्यूअलचा दर पहिल्या दिवशीही पानावर होता, बारीक अक्षरात. पण बजेट करणाऱ्याने तोच आकडा धरायला हवा, पहिल्या वर्षाचा नाही.

डोमेनचं गणित मी नंतर समजून घेतलं आणि त्याने डोळे उघडले. डॉट कॉमची सगळी नोंद व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे असते. आपण ज्या दुकानातून डोमेन घेतो ते दुकान प्रत्येक नावामागे दरवर्षी व्हेरिसाइनला ठरलेली रक्कम देतं. ती २०२१च्या सप्टेंबरात ८.३९ डॉलर झाली, २०२२ला ८.९७, २०२३ला ९.५९ आणि १ सप्टेंबर २०२४पासून १०.२६ डॉलर. ८५च्या भावाने धरलं तरी ८७० रुपयांच्या वर जातात. मग कुणी २९९ रुपयांना डोमेन देत असेल, तर उरलेले पैसे तो स्वतःच्या खिशातून घालतोय आणि ते पुढच्या वर्षांत आपल्याकडूनच वसूल होणार. हे कळल्यापासून मी ऑफरचा आकडा बघतच नाही.

दुसऱ्या वर्षाचं बिल घरात सांगितलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "घर बांधून झाला, मगे आता भाडा कसला?" प्रश्न अगदी बरोबर होता. मी त्यांना सांगितलं, आई, घर आपलं, पण ज्या जागेवर बांधलंय ती भाड्याची आणि दारावरच्या पाटीचंही भाडं आहे. सासऱ्यांना मात्र काही समजवावं लागलं नाही. कलम एकदा लावलं म्हणून खतपाणी चुकत नाही, एवढंच ते म्हणाले.

आता ऑक्टोबर २०२४ची गोष्ट. दिवाळी जवळ आली होती. त्या दिवसांत आमची आंबापोळी, कोकम आगळ आणि काजू जातात. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, "अहो, तुमच्या साइटवर भलत्याच जाहिराती दिसतायत." मी मोबाइलवर उघडून बघितलं तर आमची बाग नाही, फोटो नाहीत, नुसतं डोमेन विकणाऱ्या दुकानाचं पान. डोमेनची मुदत संपून सहा दिवस झाले होते.

ऑटो-रिन्यू चालू होतं, मग झालं कसं? मध्यंतरी बँकेने आमचं डेबिट कार्ड बदलून दिलं. रिझर्व्ह बँकेचे नियम असे, की कार्डावरून आपोआप पैसे कापायचे तर त्या कार्डावर ई-मँडेट, म्हणजे आपण दिलेली तशी परवानगी, नोंदलेलं लागतं, कापण्याच्या किमान २४ तास आधी बँक कळवते आणि रक्कम १५,०००च्या वर असेल तर ओटीपी द्यावाच लागतो. जुन्या कार्डाबरोबर मँडेटही गेलं. आणि आठवणीच्या ईमेल? डोमेनची जगभरची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाप्रमाणे त्या पाठवाव्याच लागतात, मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. त्या सगळ्या गेल्या होत्या. पण डोमेनचं खातं साइट बनवणाऱ्या मुलाने स्वतःच्या ईमेलवरून उघडलं होतं आणि तो पत्ता तो आता बघत नव्हता.

मुदतीनंतर भरायला मिळणारे सवलतीचे दिवस संपले नव्हते म्हणून नेहमीच्या दरात सुटलो. ते दिवस उलटले की डोमेन ३० दिवस रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे दंड भरून सोडवून घ्यायच्या मुदतीत जातं, तिथून परत आणायला रिन्यूअलच्या कितीतरी पट दंड बसतो आणि तरी नाही घेतलं तर आणखी पाच दिवसांनी ते कुणालाही विकत घ्यायला मोकळं होतं. आमचं नाव छापलेले हजार खोके तेव्हा पडवीत रचलेले होते. प्रत्येक खोक्यावर साइटचा पत्ता. ते बघून माझ्या पोटात गोळा आला होता. माझं कळकळीचं सांगणं आहे, बाकी काही केलं नाहीत तरी डोमेनच्या खात्यावर स्वतःचं नाव, स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर आजच घाला. याला एक रुपया लागत नाही.

एसएसएलचं, म्हणजे साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचं सांगायचं तर, रिन्यूअलच्या बिलात ते आधीच टिक करून ठेवलं होतं, जीएसटीसह १,७६९ रुपये. मी काढून टाकलं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र २०१५पासून फुकट मिळतं, आमच्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये त्याचं बटण आहे आणि ९० दिवसांच्या मुदतीआधी ते आपोआप नवं होतं. गिऱ्हाइकाला ब्राउझरमध्ये काडीचा फरक दिसत नाही. शिवाय १५ मार्च २०२९पासून विकतचं प्रमाणपत्रसुद्धा ४७ दिवसांहून जास्त मुदतीचं मिळणार नाही, त्यामुळे वर्षाचे पैसे भरून निर्धास्त, हा हिशेब तसाही संपतोय. एवढंच लक्षात ठेवा की लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपायच्या ईमेल ४ जून २०२५पासून बंद केल्यात. मी दर महिन्याच्या एक तारखेला साइट उघडून कुलपाचं चिन्ह बघते.

सगळ्यात मोठा धडा मिळाला २८ मार्च २०२५ला. ३० तारखेला गुढीपाडवा. पाडव्याची पेटी म्हणजे आमच्या हंगामाची सलामी. अंगणात पेंढा पसरलेला, माणसं खोके भरतायत आणि मी लॅपटॉपवर प्लगिनचे (साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचे) अपडेट आलेले दिसले म्हणून सगळे एकदम दाबले. ऑर्डरचं पान उघडेना. पत्ता भरायचा, पिनकोड टाकायचा की पांढरं पान. होस्टिंगकडे रोजचा बॅकअप होता, त्यांनी आदल्या रात्रीचा परत बसवला आणि रात्री साडेअकराला साइट सुरू झाली. पण बॅकअप आदल्या रात्रीचा, म्हणजे त्या दिवसभरात आलेल्या नऊ ऑर्डरी त्यात नव्हत्या! पैसे आलेले आणि ऑर्डरीचा पत्ता नाही. पेमेंट गेटवेच्या, म्हणजे आमचे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीच्या यादीतून नावं आणि रकमा काढल्या, गिऱ्हाइकांना गेलेल्या ईमेलच्या प्रतींवरून पत्ते काढले, नऊच्या नऊ वहीत उतरवल्या आणि मगच झोपले. सगळ्या पेट्या पाडव्याला पोचल्या.

वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने त्या रात्रीचे २,००० रुपये घेतले आणि ते वाजवी होते. तेव्हापासून मी देखभालीसाठी वर्षाला ५,००० बाजूला काढते. तो वर्षातून दोनदा बसतो, नोव्हेंबरात आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात. आधी बॅकअप, मग एकेक अपडेट, प्रत्येकानंतर एक खोटी ऑर्डर टाकून बघायची. मार्चच्या त्या आठवड्यानंतर मेअखेरपर्यंत तातडीचं सुरक्षेचं अपडेट सोडून कशाला हात लावायचा नाही. बॅकअपची एक प्रत मी आता गुगल ड्राइव्हवरही ठेवते. तिथे १५ जीबी फुकट आहेत आणि आमच्या साइटला ते पुरून उरतात. मोबाइलचे पाच-पाच एमबीचे फोटो तसेच चढवणं बंद केल्यापासून तर फारच. जागा संपत आली, मोठा प्लॅन घ्या, असा निरोप होस्टिंगकडून आला होता. फोटो लहान केले आणि तो खर्च टळला.

पैसे देऊन घेतलेलं एक प्लगिन आहे, पिनकोडप्रमाणे पाठवणावळ ठरवणारं. वर्षाला ४९ डॉलर. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरून मला साधारण ४,३०० पडले. लायसन्स संपलं तरी आमचं प्लगिन चालतं, फक्त अपडेट मिळत नाहीत. एक वर्ष भरू नये असा मोह झाला होता. पण ज्या पानावर लोक पैसे भरतात तिथे जुनं प्लगिन ठेवायला माझं मन धजत नाही.

पेमेंट गेटवेचे २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५०० रुपयांच्या पेटीमागे ८२ रुपये ६० पैसे. यूपीआयवर १ जानेवारी २०२०पासून एमडीआर (विकणाऱ्याकडून घेतलं जाणारं व्यवहाराचं शुल्क) शून्य आहे, तरी गेटवे आपलं शुल्क लावू शकतो आणि आमचा लावतो. हा खर्च मी वार्षिक बजेटमध्ये धरतच नाही. तो विक्रीबरोबर वाढतो, विक्रीबरोबर कमी होतो, म्हणून तो खोका-पेंढ्यासारखा पेटीच्या किमतीतच बसवला.

आता बेरीज. होस्टिंग ७,०६६, डोमेन १,६५१, प्लगिन ४,३००, देखभाल ५,०००. झाले १८,०१७. अडीअडचणीला २,७०० धरले की २०,७१७. मी ३,२०० लिहून बसले होते!

पण खरी अडचण आकड्याची नव्हती, वेळेची होती. आमच्याकडे पैसा येतो एप्रिल-मेमध्ये. बिलं येतात ऑक्टोबरात, जेव्हा हातात काही नसतं आणि पुढे फवारणीचा खर्च तोंडावर असतो. म्हणून २०२५च्या हंगामात पहिल्यांदा असं केलं, की साइटवरून पेटी गेली की त्या रात्री १०० रुपये वेगळ्या बचत खात्यात. शंभरच का? २०२४ला साइटवरून २१४ पेट्या गेल्या होत्या. तेवढ्याच गेल्या तरी २१,४०० होतात आणि वर्ष निघतं. बागायतदाराने चांगल्या वर्षाचा आकडा धरून खर्च मांडू नये, हे सासऱ्यांचं म्हणणं मला इथे कामाला आलं. यंदा ३१० पेट्या गेल्या, ३१,००० जमले. वरचे १०,२८३ तसेच राहू देणार, कारण चार-पाच वर्षांनी साइट नव्याने बांधावी लागेल आणि त्याची तरतूद तेव्हा एकदम होत नाही.

आणि जूनमध्येच होस्टिंग आणि डोमेन दोन्ही आगाऊ भरून टाकलं. डोमेन मुदतीआधी भरलं तर उरलेले महिने वाया जात नाहीत, नवं वर्ष त्यांच्या पुढे जोडलं जातं. दहा वर्षांपर्यंत भरता येतं, मी दोन वर्षांचं भरलं.

होस्टिंग बदलून दुसरीकडे पुन्हा पहिल्या वर्षाची सवलत घेणारे लोक आहेत. मी तो विचार सोडला. पाडव्याच्या रात्री चॅटवर माणूस बोलत होता, साइट हंगामात एकदाही स्वतःहून बंद पडली नाही, यासाठी मी ४९९चा दर द्यायला तयार आहे. तीन वर्षांचे पैसे मात्र पहिल्याच दिवशी कुणालाही देऊ नका, आधी एक हंगाम त्यावर काढा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट कॅटलॉग असताना एवढा खर्च का, असं शेजारचे बागायतदार विचारतात. जुनी गिऱ्हाइकं आजही व्हॉट्सअ‍ॅपवरच मागवतात आणि पन्नास पेट्यांच्या आत विक्री असेल तर मी तेच सुचवेन. आमची नवी गिऱ्हाइकं साइटवरून येतात, रात्री अकराला पैसे भरून मोकळी होतात आणि मला फोनवर पत्ता लिहून घ्यावा लागत नाही. तीनशे पेट्यांना पेटीमागे १०० रुपये मला जड नाहीत.

यंदा एक काम उरलंय. आमची साइट पीएचपी ८.१वर (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची आवृत्ती) चालते आणि त्या आवृत्तीचे सुरक्षेचे अपडेट ३१ डिसेंबर २०२५पर्यंतचेच. पुढच्या आवृत्तीवर ते पाठवणावळीचं प्लगिन नीट चालतं का, हे आधी तपासायचंय. मुलाला नोव्हेंबरचा दुसरा रविवार दिलाय, मोहोर यायच्या आधीचा.